ओमो तुओ आणि न्कातेन्क्वान : घानाचा रविवारचा भात आणि शेंगदाण्यांचे सूप

तेमाकर :

भाताच्या प्रकारांवरील जुन्या चर्चेत मी ओमो तुओचा, म्हणजे घोटलेल्या भाताच्या गोळ्यांचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर कृती विचारणारे बरेच संदेश आले, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

नोकरीमुळे मी नऊ वर्षे घानातील तेमा येथे राहिलो. अक्रापासून 25 ते 30 किलोमीटर पूर्वेला असलेले हे बंदराचे शहर आहे. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही मधे अंगण आणि भोवती खोल्या अशा घरात भाड्याने राहत होतो. तिकडे त्याला कंपाउंड हाउस म्हणतात, पण मला ते नेहमी वाड्यासारखेच वाटले, कारण कोणाच्या चुलीवर काय शिजते आहे हे सर्वांना माहीत असे. समोरच्या खोलीतील वयस्कर बाईंना सगळे ‘ऑन्टी’ म्हणत. दर रविवारी चर्चला जाण्यापूर्वी त्या सुपाचे मांस शिजवून ठेवत, आणि परत आल्यावर अंगणात भात घोटण्याचा धपधप आवाज सुरू होई. ही कृती मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांनी प्रमाणे कधीच सांगितली नाहीत, ‘बघत राहा’ एवढेच सांगितले. खालील मापे मी पुढे स्वतः बसवलेली आहेत.

आधी नावाविषयी. ‘ओमो’ म्हणजे तांदूळ, आणि ‘तुओ’ हा हौसा भाषेतील ‘तुवो’ या शब्दावरून आलेला आहे. शिजवून घोटलेल्या घट्ट अन्नाला हौसा लोक तुवो म्हणतात. घानाच्या उत्तर भागात मक्याचा किंवा बाजरीचा ‘तुओ झाफी’ रोज होतो, त्याचाच हा तांदळाचा भाऊ. ‘न्काते’ म्हणजे शेंगदाणे आणि ‘न्क्वान’ म्हणजे सूप. दक्षिणेकडील शहरांत ओमो तुओ हा मुख्यतः रविवारचा पदार्थ आहे. तेथील साध्या खाणावळींना चॉप बार म्हणतात. आठवडाभर फुफु (उकडलेले कंद कांडून केलेला मऊ गोळा) विकणाऱ्या कित्येक चॉप बारांबाहेर फक्त रविवारी ओमो तुओची पाटी लागते, आणि दुपारी उशिरा गेल्यास पातेले रिकामे मिळते.

चार माणसांसाठी दोन वाट्या तांदूळ घ्यावा. तांदूळ चिकट होणारा हवा. घानात बहुतेक घरांत थायलंड किंवा व्हिएतनामहून आलेला सुवासिक तांदूळ वापरतात आणि तुकडा असेल तर तो ओमो तुओसाठी अधिक चांगला मानतात. मी आता तळेगावात राहतो, त्यामुळे माझा प्रश्न इंद्रायणीने सोडवला. तांदूळ एकदाच धुवावा, चोळून पिठूळ पाणी पार काढून टाकू नये. जाड बुडाच्या पातेल्यात सात ते आठ वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर शिजवावा. दाणा पूर्ण उमलून पाणी आटत आले की आच अगदी बारीक करून झाकण ठेवावे आणि दहा मिनिटे मुरू द्यावा. त्यानंतर लाकडी डावाने भात पातेल्याच्या कडेवर दाबत घोटावा. हे काम भात वाफाळत असतानाच व्हायला हवे. निवलेला भात घोटला तर गोळा वरून गुळगुळीत दिसतो पण सुपात पडल्यावर विस्कटतो. मात्र मोदकाच्या उकडीइतका एकजीवही करू नये. तोडल्यावर आत अधूनमधून अर्धा दाणा दिसला पाहिजे.

गोळे वळताना हात भाजतात आणि भात हाताला चिकटतो, यावर ऑन्टींचा उपाय फार सुंदर होता. एक खोलगट वाटी पाण्यात बुडवून काढायची, तिच्यात डावभर भात टाकायचा आणि वाटी गोल गोल झुलवायची. भात ओल्या कडेवरून घरंगळत स्वतःच गोल होतो, बोट लावावे लागत नाही. दर गोळ्याला वाटी पुन्हा ओली करावी. टेनिसच्या चेंडूएवढे आठ-नऊ गोळे होतात. ते लगेच झाकणाच्या गरम डब्यात ठेवावेत.

आता सूप. पाऊण किलो कोंबडी घ्यावी, शक्यतो गावठी, कारण कोवळी ब्रॉयलर या सुपात शिजून भुगा होते. तुकड्यांना एक बारीक चिरलेला कांदा, इंचभर आल्याचा वाटलेला गोळा, दोन लसूण पाकळ्या आणि मीठ चोळावे. पाणी न घालता झाकण ठेवून अंगच्या रसात पंधरा मिनिटे शिजू द्यावे. त्यानंतर दीड लिटर गरम पाणी ओतावे आणि त्यातच चार अख्खे टोमॅटो, एक अख्खा कांदा, दोन-तीन मिरच्या आणि दोन लहान वांगी सोडावीत. तिकडे यासाठी पांढरट रंगाची, अंड्याच्या आकाराची वांगी मिळतात. भाज्या मऊ झाल्या की काढून वाटाव्यात आणि गाळून पुन्हा पातेल्यात घालाव्यात. ऑन्टी हे वाटण असांकामध्ये करीत. असांका म्हणजे आतून खाचा असलेले मातीचे पसरट भांडे. त्याच्याबरोबर मधे कंबर बारीक असलेला लाकडी बत्ता असतो, त्याला तापोली म्हणतात.

दरम्यान दुसऱ्या शेगडीवर खरे काम चालू असते. दोनशे ग्रॅम शेंगदाणे मंद भाजून, सोलून, त्यांचे लोण्यासारखे वाटण करावे. घानात हे वाटण बाजारात तयार मिळते. लोक दाणे भाजून ‘निका-निका’वर, म्हणजे आपल्या भाषेत गिरणीवर, दळूनही आणतात. हे वाटण जाड बुडाच्या कढईत घेऊन त्यात डावभर टोमॅटोचा रस घालावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पहिल्यांदा ते एकदम घट्ट होते आणि नवशिक्याला वाटते की बिघडले. तसे नसते. आणखी थोडा रस घालत ढवळत राहिले की सैल होते, रंग बदामीवरून तांबूस होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी कडेने तेल सुटू लागते. तेल सुटल्यावरच ते सुपात मिसळावे. त्यानंतर झाकण तिरके ठेवून अर्धा-पाऊण तास मंद उकळू द्यावे. झाकण पूर्ण लावू नये, हे सूप दुधासारखे फसफसून वर येते. शेवटी तांबडा तवंग वर आला की सूप झाले. आपण मिसळीवर जशी तर्री पाहतो तशीच तिकडची माणसे पातेल्यात डोकावून हा तवंग पाहतात.

मांसाबरोबर धुरावलेला मासाही घालण्याची पद्धत आहे. तो शेवटची पंधरा मिनिटे घालावा. अक्राच्या चोरकोर या कोळीवाड्याच्या नावाने ओळखली जाणारी, एकावर एक जाळ्यांचे ट्रे रचण्याची मातीची भट्टी तेथील किनाऱ्यावर जागोजागी दिसते आणि तिच्या धुराचा वास या सुपात उतरतोच.

वाढताना खोलगट मातीच्या भांड्यात दोन गोळे ठेवून वरून सूप ओतावे. गोळे अर्धे बुडाले पाहिजेत.

शंकासुर :

तेमाकर, लेख आवडला. एक शंका मात्र आहे. शेंगदाणे, मिरची, पाणी आणि भात एवढे पाहिल्यावर ही आपली उपासाची दाण्याची आमटीच नव्हे का? ती आमटी आणि वरीचे तांदूळ हे जेवण आमच्याकडे दर एकादशीला होते. केवळ कोंबडी घातल्याने नवा पदार्थ कसा झाला?

तेमाकर :

शंकासुर, ही शंका मलाही पहिल्या दिवशी आली होती आणि मी ती ऑन्टींना बोलूनही दाखवली होती. नंतर घरी दाण्याची आमटी करून त्यांना चाखायला नेली. त्यांनी वाटीभर संपवली आणि हसून विचारले की हे सूप शिजायचे कधी?

त्यांचे म्हणणे बरोबर होते. आपल्या आमटीत कूट जाते, तुपाची आणि जिऱ्याची फोडणी असते, आमसुलाने आंबट आणि गुळाने गोड चव साधलेली असते, आणि एक उकळी आली की आमटी झाली. दाण्याची ताजी, दुधाळ चव हीच तिची खूण. न्कातेन्क्वानमध्ये तेल पूर्ण सुटेपर्यंत दाणा शिजवलेला असतो, त्यामुळे चव भाजक्या, खरपूस अंगाने जाते. गूळ नाही, आमसूल नाही, फोडणी तर नाहीच. आंबटपणा टोमॅटोचा आणि झणका आल्याचा व मिरचीचा. घटक सारखे असले तरी शिजवण्याची वेळ वेगळी आहे आणि सगळा फरक तेथेच पडतो.

आणखी एक गंमत सांगतो. भूगर्भात शेंगा येणारे आफ्रिकेचे मूळचे पीक निराळे, त्याला बांबारा शेंगा म्हणतात. आपण ज्याला शेंगदाणा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतला असून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर पश्चिम आफ्रिकेत गेला. टोमॅटो आणि मिरचीही अमेरिकेतूनच आलेल्या. म्हणजे या पारंपरिक सुपातले तीन मुख्य घटक परदेशी आहेत, आणि आपल्या आमटीकडे तशाच नजरेने पाहिले तर आपल्यालाही फार बोलता येणार नाही.

दाणेकूट :

नमस्कार. मी हा पदार्थ रविवारी करून पाहिला आणि तो फसला, म्हणून सविस्तर लिहिते आहे, कारण चूक कोठे झाली ते मला समजून घ्यायचे आहे.

घरात नेहमीचे कूट तयार होते. ते मिक्सरमधून आणखी एकदा बारीक फिरवले आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे टोमॅटोच्या रसात शिजवायला ठेवले. वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली, तेल काही सुटले नाही. शेवटी तसेच सुपात घातले. वर पांढरा फेस आला, खाली रवाळ गाळ बसला आणि मधे टोमॅटोचे पाणी राहिले. भाताचे गोळे मात्र देखणे झाले होते, पण सूप ओतल्यावर पाच मिनिटांत सुटून त्याचा गुरगुट्या भात झाला. घरच्यांनी मुकाट्याने खाल्ला, सासूबाईंनी वरून तूप मागितले, यावरून काय ते समजून घ्यावे. तांदूळ कोलम होता आणि तो कुकरमध्ये शिजवला होता.

तेमाकर :

दाणेकूट ताई, इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या आयडीतच उत्तर आहे असे म्हणण्याचा मोह आवरतो.

शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असते, पण ते दाण्याच्या सूक्ष्म पेशींत बंदिस्त असते. कुटात त्या पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात. कूट कितीही शिजवले तरी ते पाणी पिऊन फुगते, तेल मोकळे करीत नाही. म्हणून रवाळ गाळ बसला. वाटण अशा टप्प्यापर्यंत जायला हवे की ते भांड्यातून धारेने ओतता येईल. मिक्सरमध्ये आधी कूट होते, मग त्याचा ओलसर गोळा होऊन तो पात्याभोवती अडकतो, येथे बहुतेक जण थांबतात. येथे न थांबता कडा खरवडून पुन्हा फिरवावे. तीन-चार वेळा असे केल्यावर गोळा अचानक ढासळतो आणि चकचकीत, वाहते वाटण तयार होते. मिक्सर तापतो, म्हणून मधे विश्रांती द्यावी, पण पाणी किंवा वरचे तेल अजिबात घालू नये.

भाताबाबत, कुकरला माझी हरकत नाही, मीही वापरतो. एकास चार पाणी, सहा शिट्या, आणि वाफ आपोआप जिरली की ताबडतोब घोटणे. तुमचा घोटण्यापूर्वी निवला असावा असे वाटते. कोलमविषयी अधिक जाणकार कोणी सांगावे.

धानकरी :

कोलमविषयी मी लिहितो, भातशेतीशी माझा रोजचा संबंध आहे. तांदळाच्या पिठूळ भागात दोन प्रकारचे घटक असतात. त्यांपैकी अमायलोज जास्त असेल तर शिजलेला दाणा मोकळा राहतो, कमी असेल तर चिकटतो. थायलंडचा सुवासिक तांदूळ कमी अमायलोजचा आहे, त्यामुळे त्याचा गोळा बांधला जातो. आपल्याकडे इंद्रायणी याच कारणाने योग्य आहे, तिच्यात आंबेमोहराचा वारसा आहे. स्वतः आंबेमोहरही चालेल, मात्र त्याचा सुवास या झणझणीत सुपात वाया जातो असे माझे मत आहे. कोलम आणि बासमती घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तांदळाचे वय. आपण पुलावासाठी जुना तांदूळ शोधतो, येथे उलट नवा हवा. दिवाळीनंतर बाजारात आलेला नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो, म्हणून तो घेतल्यास तेमाकरांच्या मापातील अर्धी वाटी पाणी कमी करावे.

आफ्रिकेच्या तांदळाविषयीही एक भर घालतो. आपण जो तांदूळ खातो तो आशियाई जातीचा, पण पश्चिम आफ्रिकेत तांदळाची एक संपूर्ण स्वतंत्र जात माणसाने शेतीत आणली. शास्त्रीय नाव ओरायझा ग्लॅबेरिमा. तिचा उगम नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशाच्या परिसरात मानला जातो. घानाच्या व्होल्टा प्रदेशात अवातिमे लोकांच्या डोंगराळ गावांत तांबड्या तांदळाची जुनी परंपरा आहे आणि त्यांचा तांदळाचा सणही असतो. तेव्हा ‘आफ्रिकेत भात कोठून आला’ असे कोणी विचारले तर अर्धे उत्तर ‘तेथलाच’ असे द्यावे लागेल.

भातखाऊ :

मी गेली काही वर्षे घानातच, अशांती लोकांच्या कुमासी शहरात राहते. तेमाकर काकांच्या कृतीला आमच्या शेजारणीची मान्यता आहे, पण तिच्या तीन हरकती मी येथे नोंदवते.

पहिली हरकत मिठाची. भातात मीठ घालायचे नाही, सगळे मीठ सुपात. दुसरी हरकत मिरची वाटण्याची. तिच्या घरी वाटणात एक मिरची जाते आणि क्पाक्पो शितो नावाच्या बुटक्या, गोल, हिरव्या मिरच्या देठासह अख्ख्या सुपात तरंगत ठेवतात. त्यांना फक्त वासासाठी ठेवायचे, डावाने फोडायचे नाही. चुकून फुटली तर ज्याच्या वाटीत ती जाईल त्याने पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे. तिच्या मते ओमो तुओचे खरे लग्न न्कातेन्क्वानशी नव्हे, अबेन्क्वानशी लागलेले आहे.

अबेन्क्वान म्हणजे तेलताडाच्या फळांचे सूप. हे झाड पश्चिम आफ्रिकेचेच आहे. नारिंगी-तांबडी, सुपारीएवढी फळे उकडायची आणि उखळात अशी कांडायची की गर सुटावा पण आतली कठीण बी फुटू नये. मग कोमट पाणी घालून, पिळून, गाळून घ्यायचे. आपण नारळाचे दूध काढतो त्याची आठवण प्रत्येक वेळी येते. तो दाट रस तांबडे तेल वर येईपर्यंत उकळतात आणि बहुतेक जण त्यात प्रेकेसेची शेंग टाकतात. चार कडांची, काळपट, बोटभर जाड अशी ही शेंग असते आणि तिला गोडसर, थोडासा काकवीसारखा वास येतो. भारतात हे करणे कठीण आहे, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी शेंगदाण्यांचेच करावे. चॉप बारमध्ये दोन्ही सुपे एकत्र करूनही वाढतात आणि मला स्वतःला तोच प्रकार सर्वाधिक आवडतो, पण हे शेजारणीला सांगितलेले नाही.

असांकाबद्दल मात्र मी काकांच्या पूर्ण बाजूने आहे. मिक्सरमध्ये टोमॅटोत हवा शिरते आणि रस गुलाबी, फेसाळ होतो. असांकात तो लालच राहतो. घरी पाटा-वरवंटा असेल तर त्यावर वाटावे.

रानमेवा :

आम्ही शाकाहारी आहोत. हे सूप मांसाशिवाय होऊ शकते का? एका ठिकाणी घानाच्या सुपात ‘कोबी’ घालतात असे वाचले, त्यामुळे आशा वाटली. तो कोबी किती आणि केव्हा घालावा?

भातखाऊ :

रानमेवा ताई, बरे झाले विचारलेत! तिकडचा कोबी म्हणजे खारवून सुकवलेला तिलापिया मासा. मी कुमासीच्या बाजारात पहिल्या आठवड्यात कोबी मागितला होता आणि विक्रेत्या बाईंनी अत्यंत प्रेमाने वर्तमानपत्रात गुंडाळून जे दिले ते घरी येऊन उघडल्यावर मला खिडक्या उघडाव्या लागल्या. भाजीचा कोबी हवा असेल तर तिकडे इंग्रजी नाव घ्यावे.

शाकाहारी सूप मात्र उत्तम होते. घानाच्या सुपांत अळिंबी नेहमी घातली जाते, तेव्हा ती घालणे ही तडजोड नव्हे. पाव किलो अळिंबी आणि चार लहान वांगी घ्यावीत, दोन वांगी वाटणात आणि दोन अख्खी. भेंडी चालते, पण ती वेगळी वाफवून शेवटी घालावी, नाहीतर सूप तार धरते. मांसाचा रस नसल्याने आले दुप्पट करावे आणि कांदा सुरुवातीला थोड्या तेलात तांबूस परतून घ्यावा.

तेमाकर :

वरील सूचना योग्य आहेत. त्यात एकच भर घालतो. कांद्याबरोबर चमचाभर टोमॅटोची पेस्टही परतावी आणि तिचा कच्चा वास जाईपर्यंत परतावी. डब्यातील टोमॅटोची पेस्ट घानाच्या स्वयंपाकघरात सर्रास वापरतात, त्यामुळे तिच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही.

भातातील मिठाबद्दल मी माघार घेतो. ऑन्टी घालीत असत, पण अशांती लोकांशी स्वयंपाकावरून वाद घालण्याचा मला अनुभव आहे आणि तो पुन्हा घेण्याची इच्छा नाही.

कढीलिंब :

लंडनमधून लिहिते आहे. येथे पेकहॅम भागातील दुकानांत घानाचे जवळपास सर्व सामान मिळते, असांकासुद्धा. ज्यांना दाणे वाटायचे नसतील त्यांनी तयार पीनट बटर वापरायला हरकत नाही, पण बरणीवरचा मजकूर वाचूनच घ्यावे. घटकांत शेंगदाणे, आणि फार तर मीठ, एवढेच असले पाहिजे. साखर असेल तर सूप गोडसर होते. तेल वर तरंगू नये म्हणून घट्ट केलेले वनस्पती तेल मिसळलेले असेल तर कढईत तासभर उभे राहिले तरी तवंग नीट येत नाही, कारण ते तेल वेगळे होऊ नये यासाठीच तशी बरणी बनवलेली असते. बरणी उघडल्यावर वर तेलाचा थर दिसला तर निःशंक घ्यावी.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसे येथे बरीच भेटतात, म्हणून पाहुणे बोलावताना आधी विचारावे.

ऑफिसमधील एका घानियन सहकारी बाईंना मी हा डबा दिला तेव्हा त्या ‘स्वीट’ म्हणाल्या आणि मी दचकले, कारण साखर तर घातलीच नव्हती. मग कळले की त्यांच्या त्वी भाषेत चविष्ट आणि गोड यांना एकच शब्द आहे, आणि तोच अर्थ त्या इंग्रजीत आणतात. मी त्यांना सांगितले की माझी आजीही तिखटजाळ पिठले खाऊन ‘आज जेवण गोड लागले’ असेच म्हणायची.

शंकासुर :

आमटीचा मुद्दा मी मागे घेतो. शेवटची शंका. हे खायचे कसे? भातासारखे कालवायचे का? आणि गोळे उरले तर दुसऱ्या दिवशी काय करायचे?

तेमाकर :

कालवू नये, कालवलेत तर गोळे वळण्याचे श्रम फुकट गेले. उजव्या हाताच्या बोटांनी गोळ्याचा लहान लचका तोडावा, अंगठ्याने किंचित खोलगट करावा, त्यात सूप घ्यावे आणि तोंडात टाकावा. डावा हात ताटाजवळ आणू नये, याबाबतीत तिकडचे नियम आपल्या आजीच्या नियमांइतकेच कडक आहेत. जेवणापूर्वी हात धुण्यासाठी पाण्याचे भांडे टेबलावरच येते. उरलेले सूप शेवटी भांडे उचलून पितात. जेवत असताना कोणी दारात आले तर ‘यू आर इन्व्हायटेड’ असे म्हणण्याची रीत आहे. आलेला माणूस बहुधा आभार मानून पुढे जातो, पण न म्हटल्यास लक्षात ठेवतो.

उरलेले गोळे तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावेत, शिजलेला भात उष्ण हवेत रात्रभर बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. थंड झाल्यावर ते दगडासारखे होतात. घाबरू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून इडलीपात्रात दहा मिनिटे वाफवले की पुन्हा मऊ होतात. सूप मात्र दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते. गरम करताना थोडे पाणी घालावे, कारण रात्रीत ते घट्ट होते.

दाणेकूट :

दुसरा प्रयत्न कालच केला. नवी इंद्रायणी आणली. दाण्यांचे वाटण पाचव्या फेरीला ढासळले, त्यापूर्वी मिक्सर दोनदा बंद पडला होता. कढईत ते घट्ट झाले तेव्हा धीर सुटला होता, पण डावभर रस घालून ढवळत राहिले. अठराव्या मिनिटाला कडेला मोहरीएवढे तेलाचे थेंब दिसले, ते पाहता पाहता एकमेकांत मिसळले आणि कढईच्या काठाने तांबडी रेघ उमटली. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली. फसफसण्याची सूचना विसरले, त्यामुळे शेगडी धुवावी लागली.

वाटी झुलवण्याचे काम मुलाने मागून घेतले आणि एकही गोळा कोणाला करू दिला नाही. पहिले दोन रताळ्यासारखे झाले, बाकीचे गोल. सूप ओतून दहा मिनिटे मुद्दाम थांबले, एकही सुटला नाही.

सासूबाईंनी या वेळी तूप मागितले नाही. सूप संपवून त्यांनी विचारले की यात थोडे आमसूल घातले तर चालेल का?

तेमाकर :

ताई, अभिनंदन. आमसूल चालणार नाही, पण त्यांना तसे सांगू नका. त्यांच्या वाटीत वेगळे घाला.

भातखाऊ :

शेजारणीला विचारले. ती म्हणते, आमसूल म्हणजे काय ते आधी पाठवून द्या.

शंकासुर :

रविवारी माझ्याकडे होणार आहे. दाणे भाजून ठेवले आहेत.